ती रात्र कशी नोंदवायची? : स्लॅम कविता आणि तिचे विद्यार्थी-संशोधक

पॅट्रिशिया स्मिथ या अमेरिकी कवयित्रीची ‘स्किनहेड’ नावाची एक कविता आहे. छापील पानावर ती वाचली, तर तिच्यातला ‘मी’ स्पष्ट दिसतो : डोके तासलेला, गोरा, वर्णद्वेषाने पेटलेला एक कामगार. यंत्रात त्याची बोटे गेली आहेत आणि मनातला सगळा राग त्याने दुसऱ्यांच्या कातडीच्या रंगावर काढला आहे. पानावर एवढेच असते.

हीच कविता रंगमंचावरून ऐकताना श्रोता सुन्न होतो. कारण समोर उभी राहून ते शब्द उच्चारणारी स्त्री स्वतः कृष्णवर्णीय आहे. द्वेषाचे प्रत्येक वाक्य ज्या देहाविरुद्ध आहे, त्याच देहातून ते बाहेर पडते. शब्द एकही बदललेला नसतो आणि तरीही कविता दुसरीच झालेली असते.

आता एखाद्या विद्यार्थ्याने या कवितेवर प्रबंध लिहायला घेतला, तर त्याच्या पुढ्यात ‘कविता’ म्हणून नेमके काय असायला हवे? छापलेले पान, एखादी चित्रफीत, की ज्या रात्री ती म्हटली गेली ती रात्र? स्लॅम आणि सादरीकरणाच्या कवितेचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात भेटतो. त्याचे उत्तर शोधणारे बरेचसे लोक प्राध्यापक नव्हते, विद्यार्थी होते. विशेष म्हणजे त्यांतले कित्येक जण आदल्या रात्री त्याच मंचावर उभे राहून गुण मिळवून आले होते.

आधी मंचाकडे वळू.

१९८४ चा नोव्हेंबर, शिकागो. मार्क केली स्मिथ नावाचा, बांधकामावर काम केलेला एक कवी ‘गेट मी हाय लाउंज’ या छोट्या जॅझ-अड्ड्यावर सोमवारी रात्री काव्यवाचन सुरू करतो. त्या काळातील काव्यवाचनांचा त्याला वीट आला होता. कवी कागदात डोके खुपसून पुटपुटणार, श्रोते सभ्यपणे जांभया आवरणार आणि शेवटी सगळे मिळून हलक्या टाळ्या वाजवणार, हा प्रकार त्याला मोडायचा होता. १९८६ च्या जुलैत हा कार्यक्रम शहराच्या उत्तर भागातील ‘ग्रीन मिल’ या जॅझ क्लबमध्ये गेला. अल कपोनच्या टोळीशी नाव जोडली गेलेली ही जागा डेव्ह जेमिलो यांनी नुकतीच विकत घेतली होती आणि रविवारची संध्याकाळ तिथे रिकामी होती. ‘अपटाउन पोएट्री स्लॅम’चा जन्म तो असा.

स्पर्धेची कल्पना कशी सुचली, याची कथा ठरलेली आहे. कार्यक्रमाचे दोन भाग भरले, तिसऱ्या भागासाठी मजकूर उरला नाही. म्हणून स्मिथने गंमत म्हणून श्रोत्यांनाच परीक्षक केले. आधी आरडाओरडा आणि टाळ्या हेच गुण होते, पुढे आकडे आले. ‘स्लॅम’ हा शब्द बेसबॉलमधून उचलला, असे सांगतात.

ही कथा बहुधा खरी आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे जरा थांबावे. संस्थापकाने तीस-चाळीस वर्षे पुनःपुन्हा सांगितलेली कथा सांगता सांगता गुळगुळीत होत जाते. तिचे कोपरे झिजतात आणि इतर माणसे गळतात. याच शिकागोत स्मिथच्या आधी काही वर्षे अल सिमन्स यांनी कवींच्या मुष्टियुद्धाच्या थाटातील ‘लढती’ भरवल्या होत्या. फेऱ्या, घंटा, परीक्षक असा सगळा सरंजाम त्यात होता आणि जेरोम साला हा कवी अशा लढतींतून गाजला होता. १९८२ पासून न्यू मेक्सिकोतील ताओस या गावी अशाच लढती दरवर्षी होऊ लागल्या; बीट पिढीतील ग्रेगरी कोर्सो पहिल्या वर्षी तिथे उतरला होता. म्हणजे कवितेला गुण देण्याची कल्पना ग्रीन मिलमध्ये प्रथम उगवली नाही. स्मिथचे श्रेय वेगळे आहे. त्याने ही कल्पना नामवंतांच्या झुंजीतून काढून दर रविवारी दारातून आत येणाऱ्या कोणाही माणसाच्या हाती दिली.

(मराठी वाचकाला इथे कलगी-तुऱ्याचे सवाल-जबाब आठवतील. साम्य आहे; नाते मात्र नाही.)

यापेक्षा गंभीर प्रश्न दुसऱ्या वंशवेलीचा आहे. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये मिगेल अल्गारिन यांच्या घरातील बैठकखोलीत १९७३ च्या सुमारास पोर्तो रिकन कवी जमू लागले. अल्गारिन दिवसा विद्यापीठात शेक्सपियर शिकवत. रात्री त्यांच्याकडे मिगेल पिन्येरोसारखे, तुरुंगात नाटक लिहिलेले लेखक येत. हीच ‘न्युयोरिकन पोएट्स कॅफे’ची सुरुवात. त्याहीआधी, १९६८ च्या मे महिन्यात, हार्लेममधील एका उद्यानात माल्कम एक्स यांच्या जयंतीदिनी ‘द लास्ट पोएट्स’ हा गट ढोलाच्या साथीने कविता म्हणत उभा राहिला होता. ब्लॅक आर्ट्स चळवळीने कविता सभेत, रस्त्यावर आणि चर्चच्या सभागृहात आणून ठेवली होती.

मग स्लॅमचा इतिहास कुठून सुरू करायचा? १९८६ पासून सुरू केला, तर नायक ठरतो एक गोरा बांधकाम-कामगार. १९६८ किंवा १९७३ पासून केला, तर ती कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन वस्त्यांची मिळकत ठरते. दोन्ही मांडण्यांत तथ्ये खरीच असतात. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचे पहिले साल निवडताना विद्यार्थी कोणाच्या बाजूला उभा राहतो, हे त्याला स्वतःलाही पुष्कळदा उशिरा कळते. स्पर्धेचा आकृतिबंध शिकागोचा आणि आवाज त्याहून पुष्कळ जुना, असे म्हणणे त्यातल्या त्यात प्रामाणिक ठरेल.

दोन्ही ओढे १९९० च्या आसपास एकत्र आले. आठेक वर्षे बंद राहिलेले न्युयोरिकन कॅफे १९८९ मध्ये पुन्हा उघडले आणि बॉब होलमन यांनी तिथे स्लॅम सुरू केला. १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील फोर्ट मेसन येथे गॅरी ग्लाझनर यांनी पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. ‘राष्ट्रीय’ हे विशेषण तेव्हा थोडे धाडसाचेच होते : शिकागोचा एक संघ, सॅन फ्रान्सिस्कोचा एक संघ आणि न्यूयॉर्कहून एकटा आलेला पॉल बेटी. हाच बेटी पुढे कादंबरीकार झाला आणि २०१६ मध्ये बुकर पारितोषिक मिळवणारा पहिला अमेरिकी ठरला. वैयक्तिक विजेतेपद पॅट्रिशिया स्मिथ यांना मिळाले. पुढे त्यांनी ते आणखी तीनदा जिंकले.

राष्ट्रीय स्पर्धेबरोबर नियम बांधले गेले आणि संशोधकाला प्रथमच काहीतरी ‘मोजता येण्यासारखे’ मिळाले. कविता स्वतःची हवी. वेळ तीन मिनिटांचा, वर दहा सेकंदांची सवलत. त्यापुढे प्रत्येक दहा सेकंदांना अर्धा गुण वजा. वेशभूषा, वाद्ये, सामान यांना मनाई. श्रोत्यांतून निवडलेले पाच परीक्षक शून्य ते दहा गुण देणार, तेही दशांशासह. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा गाळून उरलेल्या तिघांची बेरीज घ्यायची. म्हणजे पूर्ण गुण तीस.

आकडे पाहिले की विद्यार्थ्याला हायसे वाटते. कोष्टक मांडता येईल, आलेख काढता येईल! परंतु हे आकडे फसवे आहेत आणि हे ओळखायला त्या खोलीत बसावे लागते. संध्याकाळ जसजशी चढत जाते, तसतसे गुणही चढत जातात, हे स्लॅममधल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पहिल्या क्रमांकावर आलेल्या चांगल्या कवितेला जे गुण मिळतात, त्याहून अधिक गुण शेवटी आलेल्या मध्यम कवितेला सहज मिळून जातात. म्हणूनच स्पर्धेपूर्वी एक स्पर्धेबाहेरचा कवी पुढे केला जातो. त्याच्यावर परीक्षक आपला हात बसवून घेतात आणि त्याला सरळ ‘बळीचा कवी’च म्हणतात. तेव्हा २७.८ हा आकडा कवितेविषयी फारसे सांगत नाही. तो सांगतो त्या खोलीविषयी : किती वाजले होते, परीक्षक कोण होते आणि आधीच्या कवीने त्यांना हसवले होते की रडवले होते. गुणपत्रिका हा श्रोत्यांच्या इतिहासाचा दस्तऐवज आहे. तो तसा वाचला, तर फार मोलाचा आहे.

अशा कवितेचा अभ्यास करायची पद्धत कोणाकडून घ्यायची? साहित्याच्या विभागांकडे एक थोर पूर्वज होता आणि तोही मुळात विद्यार्थीच. मिलमन पॅरी हा तरुण अमेरिकी १९२८ मध्ये पॅरिसच्या सॉर्बॉनला होमरच्या ठरावीक विशेषणांवर प्रबंध सादर करत होता. त्याचे शिक्षक आंत्वान मेइये यांनी मातिया मुर्को या स्लोव्हेनियन पंडिताच्या कामाकडे त्याचे लक्ष वेधले. युगोस्लाव्हियाच्या खेड्यांत अजूनही जिवंत असलेल्या वीरगीतांचा अभ्यास मुर्को करत होते. १९३३ ते १९३५ या काळात पॅरी स्वतः तिकडे गेला. सोबत खास बनवून घेतलेले ध्वनिमुद्रण-यंत्र होते. एक ॲल्युमिनियमची तबकडी भरत आली की दुसरी फिरू लागे आणि गाणाऱ्याला थांबावे लागत नसे. बियेलो पोल्ये येथील अव्दो मेजेदोविच या निरक्षर गायकाने त्याला बारा हजारांहून अधिक ओळींचे एकच काव्य गाऊन दिले. सहायक म्हणून बरोबर होता नुकताच पदवीधर झालेला अल्बर्ट लॉर्ड. १९३५ च्या डिसेंबरात पॅरी तेहतिसाव्या वर्षी गेला. काम लॉर्डने पुढे नेले आणि १९६० मध्ये ‘द सिंगर ऑफ टेल्स’ हा ग्रंथ सिद्ध झाला. प्रत्येक सादरीकरण ही त्या काव्याची नवी रचनाच असते, हा त्या ग्रंथाचा गाभा.

स्लॅमवर लिहिणाऱ्याला हा सिद्धांत चटकन जवळचा वाटतो आणि तिथेच घसरण्याचा धोका असतो. मेजेदोविच गाता गाता रचत होता. स्लॅमचा कवी मात्र घरी लिहितो, पाठ करतो, आरशासमोर घोटतो, घड्याळ लावून दोन मिनिटे पन्नास सेकंदांत बसवतो. शब्द बहुतेक ठरलेले असतात. बदलते ते बाकीचे सगळे : कुठे श्वास घेतला, कुठल्या ओळीला श्रोत्यांनी बोटांनी चुटक्या वाजवल्या, कोणत्या शब्दावर आवाज फाटला. म्हणून पॅरीकडून सिद्धांत उसना घेण्यापेक्षा त्याची सवय घ्यावी, हे बरे. तो ग्रंथालयातून उठून गायकाच्या गावी गेला होता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि पुढे काही तरुणांनी नेमके तेच केले. फरक एवढाच की त्यांना दूरच्या गावी जावे लागले नाही. ते आधीच तिथे होते. क्रिस्टिन ओ’कीफ ॲप्टोविच हिने न्यूयॉर्कमध्ये १९९८ साली स्वतःचा स्लॅम सुरू केला. दहा वर्षांनी, २००८ मध्ये, तिने त्या शहरातल्या स्लॅमच्या वीस वर्षांचा इतिहास लिहिला, तो मुख्यतः माणसांना बोलते करून. विद्यापीठीय शिस्तीपेक्षा त्यात आपल्या माणसांची ओढ जास्त आहे. पण कुठल्या रात्री कोण कोणाशी भांडले आणि त्यातून कुठला नवा अड्डा निघाला, हे अशाच पुस्तकात सापडते.

सुझन सोमर्स-विलेट टेक्सासमधील ऑस्टिन येथे स्लॅमच्या मंचावर उतरत होत्या आणि त्याच शहरातील विद्यापीठात संशोधनही करत होत्या. २००९ मध्ये मिशिगन विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथाने स्लॅमच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. स्लॅमचे कवी बहुधा उपेक्षितांच्या वतीने, ‘मी असा आहे, मी अशी आहे’ असे बोलतात. मोठ्या स्पर्धांतले श्रोते मात्र बहुतांशी गोरे, मध्यमवर्गीय, उदारमतवादी असतात. गुण मिळतात ते ‘अस्सलपणा’ला. मग हा अस्सलपणा म्हणजे काय? त्यांचे उत्तर असे की तोही सादर केला जातो. कवी आणि श्रोते मिळून तो त्या खोलीत घडवतात. याचा अर्थ कवी खोटे बोलतो, असा नाही. मात्र आपल्या आयुष्यातला कोणता तुकडा या श्रोत्यांपुढे चालतो, हे कवी गुणांवरून शिकत जातो. ‘स्किनहेड’कडे या नजरेने पाहिले की तिचे मोल आणखी वाढते. श्रोत्यांना अपेक्षित असलेला ‘मी’ देण्याचे ती साफ नाकारते.

हे निरीक्षण स्वतः मंचावर न चढलेल्या कोणी केले असते, तर ते कुत्सित वाटले असते. तसा कुत्सितपणा उपलब्धही होता. २००० साली ‘पॅरिस रिव्ह्यू’मध्ये हॅरल्ड ब्लूम या दिग्गज समीक्षकाने स्लॅमला कलेचा मृत्यू ठरवून टाकले होते. जॅव्हन जॉन्सन याने २०१७ मधील आपल्या ग्रंथाचे नावच ‘किलिंग पोएट्री’ असे ठेवले, त्यामागे हाच टोला आहे. जॉन्सन हा राष्ट्रीय स्तरावरचा विजेता कृष्णवर्णीय कवी. लॉस एंजेलिसच्या ‘दा पोएट्री लाउंज’सारख्या अड्ड्यांत तो वाढला आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्याने सादरीकरणाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. बाहेरच्यांना उत्तर देऊन तो थांबत नाही. सर्वांना सामावून घेण्याची भाषा बोलणाऱ्या या समूहातही वंश, पुरुषीपणा आणि लैंगिकता यांच्या उतरंडी कशा टिकून राहतात, हे तो आपल्याच माणसांना सांगतो. इंग्लंडमधील हेलन ग्रेगरी यांनी एक्सिटर विद्यापीठात ब्रिटिश आणि अमेरिकी स्लॅमची तुलना करताना समाजशास्त्राची वाट धरली : मुलाखती, निरीक्षण, प्रत्यक्ष सहभाग.

या सर्वांना एकच आक्षेप ऐकावा लागतो : खेळाडूनेच सामन्याचा इतिहास लिहावा का? आक्षेप रास्त आहे. आपल्याला हरवणाऱ्याविषयी समतोलपणे लिहिणे कठीण असते. मित्राविषयी लिहिणे त्याहून कठीण. तरीही ही माणसे नसती, तर पहिल्या वीस वर्षांतले फार थोडे हाती लागले असते. कारण ज्या संस्था दस्तऐवज जपतात, त्यांना त्या काळात स्लॅम जपण्यासारखा वाटत नव्हता. विद्यापीठांत कवितेच्या आवाजाचा अभ्यास मान्यता पावू लागला, तोच मुळी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. चार्ल्स बर्नस्टीन यांनी संपादित केलेला ‘क्लोज लिसनिंग’ हा लेखसंग्रह १९९८ चा आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा ‘पेनसाउंड’ हा ध्वनिसंग्रह २००५ चा. त्यांचाही कल मुख्यतः प्रयोगशील, वाङ्मयीन कवींकडे होता. मद्यालयातल्या रविवारच्या गर्दीकडे नव्हे.

कॅमेरा आला, तो वेगळ्या कारणांनी. १९९८ मध्ये सॉल विल्यम्स यांची भूमिका असलेल्या ‘स्लॅम’ या चित्रपटाला सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत मोठे सन्मान मिळाले. त्याच वर्षी पॉल डेव्हलिन यांचा ‘स्लॅमनेशन’ हा माहितीपट आला. १९९६ ची पोर्टलंडमधील राष्ट्रीय स्पर्धा त्यात आहे. २००२ पासून २००७ पर्यंत एचबीओ वाहिनीवर ‘डेफ पोएट्री’ चालले. २०११ मध्ये मिनियापोलिसला ‘बटन पोएट्री’ सुरू झाले आणि कवितांच्या चित्रफिती लाखोंनी पाहिल्या जाऊ लागल्या. यामुळे आजच्या विद्यार्थ्याची पंचाईत उलटी झाली आहे. २०१३ चे हवे तेवढे मिळते. १९८६ चे जवळजवळ काहीच नाही. जे चित्रित झाले, तेच ‘स्लॅम’ असा समज मग आपोआप होतो. वाहिनीसाठी निवडलेले, प्रकाशात न्हालेले, टाळ्यांवर संपणारे सादरीकरण नमुना ठरते. कोपऱ्यात अडखळत कविता म्हणून पुन्हा कधीच न आलेला माणूस इतिहासातून नाहीसा होतो. मुळात रविवारची ती संध्याकाळ त्याच्यासाठी होती.

आणखी एक गोष्ट जपून हाताळावी लागते. १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘यूथ स्पीक्स’ आणि २००१ मध्ये शिकागोत ‘लाउडर दॅन अ बॉम्ब’ सुरू झाल्यानंतर शाळकरी मुलेमुली मोठ्या संख्येने मंचावर आली. सोळाव्या वर्षी एखादी मुलगी घरातली हिंसा तीन मिनिटांत मांडते. सभागृह उभे राहते. ती चित्रफीत राहते. सव्विसाव्या वर्षी तिला ती नकोशी झालेली असू शकते. तेव्हा एखादा संशोधक ती आपल्या प्रबंधात उद्धृत करतो. कायद्याने ते जाहीर सादरीकरण आहे. पण तिने ते त्या खोलीतल्या माणसांना सांगितले होते. सार्वजनिक ग्रंथालयाच्या फडताळावर ते कायमचे ठेवायला तिने मान्यता दिली होती का? छापील कवितेच्या अभ्यासकाला हा प्रश्न सहसा पडत नाही. स्लॅमच्या अभ्यासकाने तो मुलाखतीआधी विचारला पाहिजे.

राष्ट्रीय स्पर्धा २०१८ मध्ये शिकागोला झाली आणि त्यानंतर ती त्या रूपात भरली नाही. ग्रीन मिलमधल्या रविवारच्या कार्यक्रमाचा एक विधी मात्र जुन्या श्रोत्यांच्या तोंडपाठ आहे. मार्क स्मिथ मंचावर येऊन आपले नाव सांगायचा आणि सारे सभागृह एका आवाजात ओरडायचे, “मग काय!” कवीला त्याची जागा दाखवणारे ते दोन शब्द कुठल्याही कवितेच्या संहितेत नाहीत. ध्वनिमुद्रणाचे लिप्यंतर करणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे लेखणी थांबवून ठरवावे लागते, ही ओळ कवितेत घ्यायची की कंसात टाकायची.